घर मोकळं ठेवू नका

लक्षात कसं ठेवायचं, हे मला कंपनीने शिकवलं. फुकट, कामाच्या वेळेत, वर समोसा आणि चहा.

चाकणला एका प्रेस शॉपमध्ये मी तेव्हा क्वालिटीत ट्रेनी होते. पत्रा साच्यात ठेवायचा, वरून प्रेस आदळायची, आणि खाली गाडीच्या दाराचा एखादा कोपरा तयार व्हायचा. तो कोपरा गेजवर नीट बसतोय का ते पाहणं हे माझं काम. एक दिवस शिफ्टच्या मध्येच आम्हाला ट्रेनिंग हॉलमध्ये बोलावलं. भिंतीवर फ्लेक्स होता: 'स्मरणशक्ती वाढवा, आयुष्याचं सोनं करा'. खाली कोट घातलेले एक सर माईक धरून उभे. आधी त्यांनी आम्हाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मग म्हणाले, "डोकं म्हणजे काय? डोकं म्हणजे घर. आणि तुमचं घर मोकळं पडलंय. मोकळं घर कुणी ठेवतं का? भाडेकरू ठेवा!"

हॉल हसला. मोशी-चिखलीत खोल्या भाड्याने घेऊन राहणारेच होते बहुतेक. "सर, डिपॉझिट घ्यायचं का?" मागून कुणीतरी ओरडलं.

पद्धत सोपी होती. डोळे मिटून ज्या घरात फिरता येईल असं एक घर निवडायचं. उंबऱ्यापासून सुरुवात करायची. जी गोष्ट लक्षात ठेवायची ती उंबऱ्यावर ठेवायची, पुढची कोनाड्यात, त्यापुढची चुलीशी. आठवायची वेळ आली की पुन्हा डोळे मिटायचे आणि घरातून चालत जायचं. एकेक वस्तू जागच्या जागी भेटत जाते. सरांनी पन्नासेक शब्द भराभर वाचून दाखवले. हत्ती, कात्री, कांदा, विमान, असलं काहीही. आणि स्पर्धा लावली.

जिंकला तो आमच्या लाइनवरचा एक ऑपरेटर. शॉप ज्या जमिनीवर उभं होतं ती त्याच्या आजोबांची. शब्द त्याने उलटसुलट कसेही विचारा, सांगितले. सरांनी माईक पुढे केला, "कुठलं घर घेतलंत तुम्ही?"

"घर न्हाई घेतलं. आमचं शेत घेतलं. हितंच हुतं. कँटीनच्या खाली विहीर हाय, तिच्यात हत्ती टाकला. ही तुमची खुर्ची हाय ना, हितं खळं हुतं. खळ्यात विमान उतरवलं."

"वा!" सर म्हणाले. "याला म्हणतात जमिनीचं सोनं करणं. टाळ्या!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. कंपनीचं नाव छापलेलं.

दुसरा आला तो त्याच्याच शेजारच्या प्रेसवरचा. लातूरकडचा, बायको आणि लहान मुलगी घेऊन मोशीत एका खोलीत राहायचा. त्याला काही मिळालं नाही. चहाच्या रांगेत मी विचारलं तर लाजून म्हणाला, "मी गावाकडचं घर घेतलं, ताई. माळवदाचं. उंबरा, देवळी, मग जातं, मग कणगी, मग माळवदावर जायची शिडी. लई दिवसांनी घरी जाऊन आलो बघा."

माझ्या डोक्यातलं घर संत तुकाराम नगरमधलं, दोन खोल्यांचं. त्याच्या कुठल्याही कोपऱ्यात काही ठेवायला जागाच नव्हती, कारण सगळीकडे पत्रकं होती. वडील युनियनचे. गुलाबी, पिवळी, पांढरी पत्रकं पलंगाखाली गठ्ठ्याने असायची. डब्यांखाली पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हर पत्रकांची. मी वाचायला शिकले ते 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' या ओळीवर. शाळेत बाईंनी निबंध लिहायला सांगितला 'माझी आई', तर मी शेवटी लिहिलं होतं, 'तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे'. शॉपमध्ये कुणी चुकीचं बोललं की मी तोंड उघडायची, म्हणून सगळे मला 'पत्रक' म्हणायचे. "ए, हळू बोल, पत्रक आलं." मला राग यायचा नाही. उलट ताठ चालायची मी.

आता पाचरीचं सांगते.

प्रेसला दोन बटणं असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे प्रेस खाली येताना तुमचे दोन्ही हात बटणांवर, साच्याच्या बाहेर. इतकी साधी, इतकी दयाळू युक्ती. पण दोन्ही हात बटणांवर ठेवले तर माल कमी निघतो. म्हणून डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकायची. ते दाबलेलंच राहतं. मग उजव्या हाताने एक बटण दाबायचं आणि डावा हात पत्रे सरकवायला मोकळा. आमच्या शॉपमध्ये पाचरी सुपरवायझर साहेबांच्या ॲप्रनच्या खिशात असायच्या. शिफ्ट सुरू झाली की ते लाइनवरून चालत जायचे, प्रत्येक प्रेसपाशी थांबून पाचर बसवायचे, तळव्याने एक ठोका द्यायचे. गिऱ्हाईक कंपनीचे लोक तपासणीला आले की गेटवरून हाक यायची, "पाहुणे आले!" लगेच सगळ्या पाचरी खिशात. पाहुणे गेले की परत बटणात. यात कुणाला चोरटेपणा वाटत नव्हता. घरी पाहुणे आल्यावर पलंगावरचे कपडे उचलतात, तसंच.

त्या दिवशी नवा साचा चढवला होता. पहिला तुकडा तपासायला मी गेज घेऊन प्रेसच्या बाजूलाच उभी होते. लातूरवाल्याने पाचर काढून वर ठेवली होती. साहेब आले.

"साहेब, साचा नवा हाय, पत्रा अडकायलाय. आज दोन्ही हातानं चालवू द्या."

"दोन्ही हात वापरायचेत? घरी बायकोला पोळ्या लाटू लाग. तिथं लागतात दोन्ही."

लाइन हसली. शेजारच्या प्रेसवरचा तो घड्याळवाला सगळ्यात मोठ्याने हसला. लातूरवालाही हसला, नाही हसला असता तर ते त्याला लागलं असं झालं असतं. साहेबांनी पाचर उचलली, बटणात घातली, ठोका दिला. हे मी हातभर अंतरावरून पाहिलं.

चहाच्या सुट्टीच्या आधी पत्रा अडकला. त्याने डाव्या हाताने तो सरळ करायला घेतला आणि उजवा हात सवयीने बटणावर गेला. हात बाहेर आला तेव्हा त्याला अंगठा होता आणि करंगळी होती. साहेब धावत आले. त्यांनी आधी पाचर काढली. मग ॲम्ब्युलन्ससाठी ओरडले.

आठवड्याभरात त्याच्यावर आरोपपत्र आलं. त्याच्यावर. सुरक्षेचा नियम मोडून त्याने स्वतः बटणात पाचर लावली आणि कंपनीचं नुकसान केलं. आरोप सिद्ध झाला तर नोकरी गेली, आणि चूक कंपनीची होती हे म्हणण्याची सोयही गेली. चौकशीत कामगाराला आपल्या बाजूने बोलायला एक सहकारी घेता येतो. त्याने हॉस्पिटलच्या खाटेवरून माझं नाव सांगितलं. मी एचआरच्या मॅडमकडे अर्ज घेऊन गेले तेव्हा वाटलं, ट्रेनी म्हणून हाकलतील. त्या हसल्या. "बोला ना त्याच्या बाजूने. तुम्हीच बोला. तुम्हाला बोलायला आवडतंच."

मी खुशीत घरी आले. वडील ताटावर बसले होते. ऐकून त्यांनी घास खाली ठेवला.

"पाचर लावताना तू पाहिलंस?"

"हो."

"मग तू साक्षीदार. साक्षीदाराला ते प्रतिनिधी करून बसवतायत. आता तू प्रश्न विचारायचेस, उत्तर द्यायचं नाही. एवढी पत्रकं वाचलीस, त्यांतलं एकही डोक्यात शिरलं नाही?" आणि परत जेवायला लागले. त्यांनी आयुष्यात माझ्या गालावर हात उगारला नाही, गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमना म्हटलं, मला साक्षीदार व्हायचंय. "एकाच माणसाला दोन्ही कसं होता येईल?" त्या म्हणाल्या. मी विचार केला, असू दे. लाइनवरचे सगळे तिथे होते. सगळे हसले होते. हसलेलं माणूस कसं विसरेल?

मी रोज हॉस्पिटलला जायची. त्याला म्हणायची, "सगळं नीट आठवून ठेवा. साहेब काय बोलले, पाचर कुठून उचलली." सुरुवातीला तो सांगायचा. मग मान हलवायला लागला. मग छताकडे बघायला लागला. मला वाटलं, औषधांनी गुंगी आलीय. त्याची बायको सांगायची की दुपारी तो शेजारच्या प्रेसवरचा भाऊ येतो, डबा आणतो, तासतासभर बसतो. मला बरं वाटलं होतं. माणुसकी, वगैरे.

चौकशी त्याच ट्रेनिंग हॉलमध्ये झाली. फ्लेक्स तसाच होता. चौकशी अधिकारी बाहेरून आणलेले एक वकील. पहिला साक्षीदार आला आणि म्हणाला, "त्या दिवशी पाचर त्यानं स्वतः लावली. सुपरवायझर साहेब तिथं नव्हते. आम्ही त्याला सांगितलं, असं करू नको. तो म्हणाला, मला सवय आहे. कंपनीनं आम्हाला सगळी सुरक्षेची साधनं दिली आहेत."

दुसराही तेच म्हणाला. तिसराही तेच, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. बोलताना तिघांचेही डोळे अर्धवट मिटलेले होते आणि मान हळूहळू डावीकडून उजवीकडे वळत होती, जणू ते कुठेतरी चालत होते. मी मध्येच विचारलं, "त्या दिवशी नाश्त्याला काय होतं?" तिसऱ्याने डोळे उघडले. "आं?" बिचारा. नाश्ता कुठे ठेवलेलाच नव्हता त्याने. वकील म्हणाले, "विषयाला धरून बोला."

घड्याळवाला तर बघण्यासारखा होता. एकही शब्द अडखळला नाही. पाय पसरून उभा, डोळे मिटलेले. विहिरीपासून निघून बांधाबांधाने तो खळ्यापर्यंत आला, आणि प्रत्येक जागेवर कंपनीचं एकेक वाक्य उचलत गेला. आजोबांची जमीन एकदा दिली होती. या वेळी उरलेली पण दिली.

मी पुढच्या प्रश्नांची तयारी करत होते तेवढ्यात वकील म्हणाले, "आरोपीला काही सांगायचंय?" लातूरवाला उठला. हातावर पांढरं बँडेज. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. डोळे मिटले.

"त्या दिवशी पाचर मी स्वतः लावली. सुपरवायझर साहेब तिथं नव्हते..."

मी ओरडले. मला बाहेर काढलं. दारातून ऐकू आलं ते शेवटचं वाक्य: कंपनीनं मला सगळी सुरक्षेची साधनं दिली आहेत.

बाहेर आल्यावर त्यानेच मला सांगितलं, अगदी सरळ. कबूल केलं तर स्टोअरमध्ये हलकं काम देऊ, कायम ठेवू, असं मॅडम म्हणाल्या होत्या. "पण ताई, मला ते ध्यानातच राहीना. खरंच मधी यायचं. साहेबांचा हात दिसायचा. मग भाऊ म्हणला, त्या सरांनी शिकवलंय तसं कर. तुझं घर घे. उंबऱ्यावर एक ठेव, देवळीत एक ठेव. रोज दुपारी माझ्याकडून फिरवून घ्यायचा. मग बसलं."

स्टोअरमध्ये त्याला घेतलं. एक खुर्ची, एक टेबल, मोजायला नटबोल्टचे खोके. माझी ट्रेनिंगची मुदत संपली आणि मला वाढवून दिली नाही. घड्याळवाला लाइन लीडर झाला. पावसाळ्यानंतर लातूरवाल्याला काढलं. कारण विचारलं तर त्याचाच जबाब पुढे ठेवला: सुरक्षेचा नियम स्वतः मोडल्याचं त्याने मान्य केलंय, अशा माणसाला ठेवता येत नाही.

मी मला येत होतं ते केलं. पत्रक लिहिलं. सगळं लिहिलं, पोळ्या लाटण्याचा विनोदही. वडिलांनी वाचून एक स्वल्पविराम काढला आणि म्हणाले, "ठीक." पहिली शिफ्ट सुटताना मी गेटवर उभी राहिले. लोक घ्यायचे, घडी घालायचे, खिशात टाकायचे, बसकडे पळायचे. काहींनी त्यानेच बसच्या सीटवरची धूळ पुसली. घड्याळवाला मात्र थांबला. आता त्याच्या शर्टावर लाइन लीडरचा बिल्ला होता. त्याने पत्रक उभ्या उभ्या एकदा वाचलं, मला परत दिलं आणि डोळे मिटून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणून दाखवलं. मागे दोघे-तिघे हसत उभे होते.

"बराबर हाय का, ताई?"

"पाठ आहे. खरं आहे का ते सांगा."

"खरं हाय की. साहेब लाटणं बोललं, मी हासलो. समदं ध्यानात हाय माझ्या. माझं काईच जात न्हाई." त्याने बिल्ला सरळ केला. "नव्या पोरांना म्याच शिकवतो आता, ध्यानात कसं ठेवायचं. मॅडमनी सांगितलंय. तू बी लई हुशार हायेस गं, पर तुझ्या डोक्यात एकच भाडेकरू. त्यो बी भाडं देत न्हाई."

मागचे जोरात हसले. मी त्याला जे बोलले ते पत्रकात छापता येणार नाही. तो हसतच बसमध्ये चढला.

लातूरवाला गावी निघाला त्या दिवशी दुपारी मी मोशीला गेले. नदीकडच्या रस्त्याला त्यांची खोली होती, खाली बांधकामाचं साहित्य विकणारं दुकान. मनात एकच होतं: लेबर ऑफिसात त्याने एकदा खरं सांगावं, मी सोबत येईन, वडिलांच्या ओळखीचे वकील फी घेणार नाहीत. पंचाईत नको म्हणून सगळं पाठ करून गेले होते. बायको भांडी पोत्यात भरत होती. मुलगी गादीच्या वळकटीवर बसून मोबाइल बघत होती. तो भिंतीला टेकून बसला होता, डावा हात मांडीखाली.

मी बोलायला लागले. म्हटलं, फक्त पहिलं वाक्य आठवा. साहेब आले, तुम्ही काय म्हणालात?

"आठवायलो," तो म्हणाला.

"तुम्ही म्हणालात, साचा नवा आहे, दोन्ही हातांनी चालवू द्या. मग साहेब म्हणाले..."

"ताई," बायको पोत्यातून वर न बघता म्हणाली, "तो भाऊ बी असंच करायचा. थोडं थोडं सांगायचा, यांच्याकडून म्हणून घ्यायचा."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. मी म्हटलं, "तो खोटं सांगत होता. मी खरं सांगतेय."

"हाव. पण सांगायलीस तूच की."

मग ती त्याच्याकडे वळली. गावाकडचं घर सासू गेल्यापासून बंद होतं, आज रात्रीची गाडी, सकाळी दारात उभं राहायचं. "अहो, कुलपाची चावी गेल्या वेळी आत राहिली का तुम्ही शेजारी दिली? कुलूप नुसतं दाबून लावलं होतं आपण. देवळीत ठेवली होती का?"

"थांब, बघतो," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

त्याची मान हळूहळू वळायला लागली. ओठ हलायला लागले. उंबऱ्यावरून आत गेला असावा.

"पाचर मी स्वतः लावली," तो म्हणाला. थोडं थांबून, देवळीपाशी असावा, "साहेब तिथं नव्हते."

"मी चावीचं विचारायले," बायको म्हणाली.

"तेच बघायलो." त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो पुढे गेला, जात्यापाशी, कणगीपाशी, शिडीपाशी, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला एकेक वाक्यच भेटलं. शेवटचं, सुरक्षेच्या साधनांचं, माळवदावर होतं. तिथून त्याने डोळे उघडले. "चावी नाही दिसायली गं कुठं."

मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, अजूनही येतो. मी एकेक शब्द तोडून म्हणाले, "पाचर साहेबांनी लावली. मी पाहिलंय. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच, त्या चौकशीनंतर.

"असंल, ताई," तो अदबीने म्हणाला. "तुम्ही खोटं नाही बोलणार. पण माझ्या घरात तसं नाही."

बायकोने पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं, दातांनी गाठ आवळली. "कुलूप तोडू," ती म्हणाली. मग मुलीला, "तू उठ गं, गादी बांधायचीय."